ओटीजी आणि ग्रिसिनी: एका पावसाळ्यासकट काही महिन्यांचा अनुभव

आतली गरम हवा फिरवणारा पंखा असलेला २८ लिटरचा ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिलर, म्हणजे छोटा विजेचा ओव्हन) उन्हाळ्यात घेतला. केक, नानकटाई, लादीपाव, सगळं त्यात होतं आणि चांगलं होतं. पण ओव्हनचा खरा कस लागतो तो ग्रिसिनीत. इटलीतल्या तोरिनोकडच्या या कुरकुरीत ब्रेडस्टिक्स. तिथे जुने प्रकार दोन: हाताने वळलेला रुबाता आणि ताणून लांब केलेला स्तिरातो. मी स्तिरातोच करते. लाटायचं काम नाही, आणि ताणल्यामुळे आत हवेच्या पोकळ्या टिकतात, त्यामुळे काडी दाताखाली हलकी लागते.

२५० ग्रॅम मैदा, १३५ मिली पाणी, २५ ग्रॅम ऑलिव्ह तेल, ५ ग्रॅम मीठ, २ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट. पीठ मऊ मळून लांबट चपटं थापायचं, वरून तेलाचा हात फिरवायचा आणि दुप्पट होईपर्यंत झाकून ठेवायचं. मग बारीक रवा भुरभुरून बोटाएवढ्या पट्ट्या कापायच्या आणि दोन्ही टोकं धरून ट्रेच्या लांबीएवढ्या ओढायच्या. पीठ पुरेसं मुरलेलं असेल तर पट्टी आपल्या वजनानेच लांबते. आखडत असेल तर दहा मिनिटं थांबावं.

आता ओव्हनबद्दल. डायलवर २०० दिसलं तरी आत तेवढं तापमान असेलच असं नाही. आत ठेवायचा साधा थर्मामीटर घेतला आणि अंदाजाचा खेळ संपला. मागच्या बाजूला आच जास्त लागते, म्हणून अर्ध्या वेळेला ट्रे फिरवावाच लागतो. पंखा मात्र सोन्यासारखा! काडी कुरकुरीत होते ती आतलं पाणी निघून गेल्यावर, नुसता रंग आल्याने नाही. २०० अंशांवर पंधरा-अठरा मिनिटं, मग १२० वर दहा मिनिटं, आणि ओव्हन बंद करून दार किंचित उघडं ठेवून आतच गार करायच्या.

मसाल्यात ओवा आणि भरडलेली मिरी पिठातच घालते. तीळ वरून, पाण्याचा हात लावून. लसूण पावडर आणि कसुरी मेथी पिठातच बरी. वरून लावली तर करपून कडवट होते. जाडं मीठ वरून शिंपडलं तर दिसतं सुरेख, पण पावसाळ्यात ते हवेतली ओल ओढतं आणि काड्या लवकर सादळतात. जुलै-ऑगस्टमध्ये वरचं मीठ मी पूर्ण बंद केलं. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, पूर्ण गार झाल्यावरच भरायच्या. सादळल्याच तर १३० अंशांवर आठ-दहा मिनिटं. पुन्हा कडक होतात. एवढ्यासाठीसुद्धा मला हा ओव्हन आवडतो.

नवीन घेणार असाल तर पंखा हवाच, आणि वरचा-खालचा रॉड वेगवेगळा चालू करता येतो का, ते दुकानात विचारून घ्या.