जुन्या स्विफ्टला ताकद हवी: रिमॅप, ट्यूनिंग बॉक्स की नुसती नीट सर्व्हिस?

वाईहून पाचगणीला निघालोय, पसरणी घाट, गाडीत पाच माणसं, डिकीत बॅगा, एसी चालू. पुढची एसटी ओलांडायला दुसऱ्या गिअरात पाय दाबावा तर गाडी क्षणभर नुसतीच गुरगुरते. 'हिचं इंजिन जरा वाढवता येईल का' हा किडा जुन्या स्विफ्टवाल्यांच्या डोक्यात बहुधा अशाच वळणावर शिरतो. खिशात पंचवीस-तीस हजार असतील, तर ते कशात घालावेत: रिमॅपमध्ये (म्हणजे इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलण्यात), बाहेरून जोडायच्या ट्यूनिंग बॉक्समध्ये, की नुसत्या नीट सर्व्हिसमध्ये?

आधी बॉनेट उघडून बघा. पेट्रोल असेल तर तुमचं गणित वेगळं, डिझेल असेल तर वेगळं. २००७ पासूनच्या डिझेल स्विफ्टमध्ये १२४८ सीसीचं मल्टिजेट इंजिन आहे, मुळात फियाटचं. ताकद सुमारे ७५ हॉर्सपॉवर, टॉर्क (ओढण्याचा जोर) १९० न्यूटन-मीटर. त्याचे भाऊबंद पुंटो, इंडिका व्हिस्टा, रिट्झ अशा गाड्यांत कुठेकुठे सापडतात. फियाटच्या रांजणगावच्या कारखान्यातही हे इंजिन बनायचं. त्यामुळे ते उघडलेला मेकॅनिक तालुक्याच्या गावातही भेटतो. पेट्रोल स्विफ्टला टर्बो नाही, टॉर्क ११३.

टर्बो असलेल्या इंजिनात हवा कोंबून भरली जाते, म्हणून सॉफ्टवेअर बदलून थोडी जास्त हवा आणि थोडं जास्त डिझेल देता येतं. पेट्रोल स्विफ्ट आपसूक ओढली जाईल तेवढीच हवा घेते. तिथे रिमॅप करून फार तर ठिणगीची वेळ आणि पेट्रोलचं प्रमाण इकडेतिकडे करता येतं. हाती लागतात मोजके हॉर्सपॉवर, तेही वरच्या आरपीएमला, जिथे घाटात आपण क्वचितच जातो. शिवाय महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास. वर हवा विरळ होते आणि टर्बो नसलेलं इंजिन तिथे दहा-पंधरा टक्के दम आपोआप गमावतं. ते कुठलंही सॉफ्टवेअर परत आणत नाही. म्हणून पेट्रोलवाल्यांनी रिमॅपचा नाद सोडावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

डिझेलवाल्यांपुढे खरी निवड रिमॅप की बॉक्स, ही.

ट्यूनिंग बॉक्स स्वस्त पडतो, तासाभरात बसतो आणि काढताही येतो. त्याची युक्ती साधी: डिझेलच्या दाबाचा सेन्सर जे सांगतो ते बॉक्स कमी करून पुढे पाठवतो, मग ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या संगणकाला, वाटतं दाब कमी पडतोय आणि तो वाढवतो. म्हणजे चक्क थाप मारायची. पिकअप जाणवतो, पण टर्बोचा दाब आणि इंजेक्शनची वेळ यांचा मेळ कुणी घातलेला नसतो. स्वस्तातला बॉक्स असेल तर मागे काळा धूर आणि गाडी पीयूसीला नापास. मी एकदा मित्राच्या गाडीत असा बॉक्स लावून पाहिला होता. पहिला आठवडा मजा आली, मग आरशात धूर दिसायला लागला.

रिमॅपला साधारण दुप्पट पैसे लागतात, पण त्यात डिझेल, हवा आणि वेळ तिन्हींचा हिशोब एकत्र होतो. नीट केलेला रिमॅप वीस-पंचवीस टक्के वाढ देतो. मात्र 'शंभर हॉर्सपॉवर करून देतो' म्हणणाऱ्याकडे जरा संशयाने बघा. कंपनीनेच याच इंजिनाचे ९० हॉर्सपॉवर काढले होते, मारुतीच्या एसएक्स४मध्ये आणि फियाटच्या लिनियात, पण त्यासाठी वेगळा, पाती हलणारा टर्बो बसवला. तुमच्या स्विफ्टचा टर्बो साधा आणि छोटा आहे. त्याच्याकडून तेवढंच काम रोज घेतलं तर तो तापतो. आणि दोन हजार आरपीएमच्या खाली हे इंजिन जे झोपतं, ते रिमॅपनंतर फार तर कूस बदलतं, खडबडून उठत नाही. पसरणीच्या वळणावर गिअर उतरवावा लागतो तो लागतोच.

क्लचचा खर्चही यातच धरा. जुनी क्लचप्लेट १९० न्यूटन-मीटर कशीबशी सांभाळत असते. २३० आले की घसरते. तपासणी फुकट आहे: रिकाम्या रस्त्यावर चौथ्या गिअरात पन्नासच्या वेगाने असताना पाय पूर्ण दाबा. आरपीएमचा काटा पळाला आणि वेग जागेवर राहिला तर क्लच संपलाय. मग रिमॅपचे पैसे आधी तिथे जाणार.

फ्री-फ्लो सायलेन्सर आणि महागडा एअर फिल्टर यांबद्दल एवढंच: आवाज वाढतो. इंजिन बदलायचं मनात असेल तर आरटीओची परवानगी, आरसीत नोंद, विमा कंपनीला कळवणं, आणि इतकं करून बजेट केव्हाच ओलांडलेलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल चालत नाहीत. २०१९च्या दुरुस्तीनंतर अशा दर बदलाला पाच हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. रिमॅपबद्दलही विमा कंपनीला लेखी विचारून ठेवा, अपघातानंतर विचारण्यात अर्थ नाही.

राहिली सर्व्हिस. यात दिमाख नाही, पण दीड लाख किलोमीटर धावलेल्या डिझेलमध्ये हरवलेली ताकद बरेचदा इथेच सापडते. ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) आणि इनटेकमध्ये (हवा आत येण्याच्या वाटेत) साचलेली काजळी, टर्बोच्या रबरी पाइपातली चीर (पाय दाबल्यावर शिट्टीसारखा आवाज आला तर तीच), डिझेल फिल्टरमधलं पाणी, आत येणारी हवा मोजणारा एअरफ्लो सेन्सर खराब झालेला. आणि हौसेने बसवलेले जाड टायर, सोळा इंची अलॉय! मूळच्या १६५ रुंदीच्या टायरवर परत आलात तरी पिकअपमध्ये फरक कळतो. पेट्रोलला प्लग, थ्रॉटल बॉडीची सफाई आणि कॉम्प्रेशनची (सिलिंडरातल्या दाबाची) तपासणी. कॉम्प्रेशन पडलेलं निघालं तर पुढचा खर्च थांबवा आणि गाडी विकायचा विचार करा.

डिझेलची सर्व्हिस झाली, क्लच धड आहे, धूर नाही, आणि तरीही घाटात कमी पडतंय, तर रिमॅप खुशाल करा, सौम्य करा. करणाऱ्याकडून मूळ सॉफ्टवेअरची फाइल मात्र पेनड्राइव्हवर मागून घ्या. गाडी विकायला काढाल तेव्हा गिऱ्हाईक कंपनीतून आली तशीच गाडी मागतं.