स्फिंक्स : काही महिन्यांच्या रोजच्या वापरानंतर

पतसंस्थांसाठी हिशेबाची प्रणाली लिहिणाऱ्या आमच्या छोट्या चमूचे डॉक्युमेंटेशन पूर्वी कोडमधल्या टिपा, वर्डच्या फायली आणि एक सामायिक विकी अशा तीन ठिकाणी विखुरलेले होते, आणि त्यातली कोणती माहिती चालू आवृत्तीला लागू आहे हे कोड उघडून पाहिल्याशिवाय सांगता येत नसे. वर्षाच्या सुरुवातीला आम्ही हे सारे स्फिंक्स या डॉक्युमेंटेशन तयार करण्याच्या साधनात आणायचे ठरवले. प्रोग्रामरांसाठीची इंग्रजी संदर्भपुस्तिका आणि शाखांमधल्या कर्मचाऱ्यांसाठीची मराठी माहितीपुस्तिका अशी दोन्ही कामे आता त्यावर चालतात. पुढील अनुभव या दोन्ही कामांचा आहे.

स्फिंक्स हे बीएसडी परवान्याखालचे मुक्त सॉफ्टवेअर आहे. गेऑर्ग ब्रांडल यांनी ते मुळात पायथन भाषेच्या स्वतःच्या डॉक्युमेंटेशनसाठी लिहिले आणि २००८ मध्ये ते प्रकाशित झाले. जँगो, नमपाय यांसारखे पायथनचे प्रकल्प ते वापरतात, आणि लिनक्स कर्नलनेही २०१६ मध्ये डॉकबुक ही जुनी लेखनपद्धती सोडून स्फिंक्स स्वीकारले. साध्या मजकुराच्या फायली लिहायच्या आणि त्यांतून वेबपाने, पीडीएफ किंवा ईपब तयार करून घ्यायचे, एवढेच त्याचे वर्णन केले तर त्याच्यात आणि इतर साधनांत फरक दिसत नाही. माझ्या मते त्याचे खरे मोल पाने सुबक दिसण्यात नसून लिहिलेला मजकूर तपासून घेता येण्यात आहे.

स्फिंक्समध्ये एखाद्या फंक्शनचा उल्लेख केवळ अक्षरे म्हणून न करता संदर्भ म्हणून करता येतो. ते फंक्शन कोडमधून गेले किंवा त्याचे नाव बदलले की बांधणीच्या वेळी, म्हणजे फायलींतून पाने तयार होताना, तो संदर्भ तुटतो. मात्र पायथनच्या फंक्शनांचे तुटलेले संदर्भ स्फिंक्स मूळ मांडणीत निमूटपणे सोडून देते. 'निटपिकी' हा पर्याय चालू केल्यावरच ते त्यांची वॉर्निंग देते. त्याच्या जोडीला प्रत्येक वॉर्निंगला एरर मानण्याचा पर्याय लावला, तर तुटलेला संदर्भ असलेले डॉक्युमेंटेशन पुढे जाऊच शकत नाही. जुन्या मजकुरावर हे दोन्ही पर्याय एकदम लावले तेव्हा पडदा वॉर्निंगांनी भरून गेला, आणि त्यांतल्या बहुतेक खऱ्या होत्या. नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी हे पर्याय पहिल्याच दिवशी लावावेत. साचलेला ढीग नंतर उपसण्यापेक्षा ते फार स्वस्त पडते.

याहून जास्त उपयोग मला डॉक्टेस्टचा झाला. डॉक्युमेंटेशनमधली उदाहरणे प्रत्यक्ष चालवून त्यांचे उत्तर लिहिलेल्या उत्तराशी जुळते का, हे त्यातून तपासता येते. आमच्या व्याज आकारणीच्या पानावर ११२.३४५ रुपयांचे दोन दशांश स्थळांपर्यंत ११२.३४ होतात असे उदाहरण होते, कारण दशांश संख्यांसाठीचा पायथनचा डेसिमल वर्ग मूळ मांडणीत बरोबर मध्यावरची संख्या जवळच्या सम अंकाकडे वळवतो. पुढे ग्राहकाच्या मागणीनुसार पूर्णांकनाचा नियम बदलून मध्यावरची संख्या नेहमी वर नेण्याचे ठरले आणि त्याच संध्याकाळी ते उदाहरण ११२.३५ असे उत्तर देऊन नापास झाले. ओळ क्रमांकासह तक्रार समोर आली, म्हणून ती ओळ सुधारली गेली. विकीवर असती तर ती जुन्या उत्तरासह वर्षानुवर्षे तशीच राहिली असती. त्याच पानावरून इंटरस्फिंक्स या, दुसऱ्या प्रकल्पांच्या डॉक्युमेंटेशनशी दुवे जोडणाऱ्या विस्तारकाच्या साहाय्याने पायथनच्या अधिकृत डॉक्युमेंटेशनमधल्या डेसिमलच्या पानाकडे दुवा जातो, आणि तो पत्ता आम्ही कुठेही हाताने लिहिलेला नाही.

कोडमधल्या टिपांवरून पाने तयार करणाऱ्या ऑटोडॉक या विस्तारकाबद्दल मात्र सावध करायला हवे. त्या टिपा उचलण्यासाठी ते मॉड्यूल, म्हणजे कोडची फाइल, नुसते वाचत नाही, तर प्रत्यक्ष इंपोर्ट करते, म्हणजे चालवते. त्यामुळे इंपोर्ट होताच डेटाबेसशी जोडणी करू पाहणारे आमचे एक जुने मॉड्यूल, डेटाबेस नसलेल्या बांधणीच्या यंत्रावर दर वेळी अडखळत असे. बाहेरच्या न बसवलेल्या लायब्ररींसाठी खोटे मॉड्यूल पुढे करण्याची सोय ऑटोडॉकमध्ये आहे, पण आपल्याच कोडच्या बाबतीत ती जोडणी फंक्शनच्या आत हलवण्यावाचून गत्यंतर नव्हते. आणखी एक लहान त्रास असा की नवे पान जोडल्यावर ज्या पानांना हात लागलेला नाही त्यांच्या बाजूच्या अनुक्रमणिकेत ते दिसत नाही. अशा वेळी संपूर्ण बांधणी नव्याने करावी लागते.

मराठी पुस्तिकेचे काम सुरू झाले तेव्हा खरी परीक्षा होती. स्फिंक्सची मूळ लेखनपद्धती असलेल्या रीस्ट्रक्चर्डटेक्स्टमध्ये खुणांनी वेढलेल्या शब्दानंतर जागा किंवा विरामचिन्ह असावेच लागते. मराठीत तर शब्दाला प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये चिकटूनच येतात! ``शाखा``मध्ये असे लिहिले की खूण बंदच झाली नाही अशी तक्रार येते. ``शाखा``\ मध्ये असे, तिरकी रेघ आणि जागा घालून, लिहावे लागते. एखाददुसऱ्या ठिकाणी हे खपते, पण प्रत्येक वाक्यात 'ला', 'ने', 'वरून' असताना लिहिणाऱ्याचा जीव मेटाकुटीला येतो. शीर्षकाखालच्या रेघेचेही तसेच: तिची लांबी मोजताना काना, मात्रा आणि वेलांटी ही स्वतंत्र चिन्हे धरली जातात, म्हणून डोळ्यांना पुरेशी दिसणारी रेघ अपुरी ठरते. यावर आम्हाला मानवलेला उपाय म्हणजे मिस्ट हे विस्तारक. त्यामुळे स्फिंक्समध्ये मार्कडाउन लिहिता येते आणि या दोन्ही अडचणी उरत नाहीत. संदर्भपुस्तिका जुन्या पद्धतीत आणि मराठी पुस्तिका मार्कडाउनमध्ये, अशी व्यवस्था एकाच प्रकल्पात विनातक्रार चालते.

शोधाची अडचण मात्र मिस्टने सुटत नाही. स्फिंक्सचा शोध सर्व्हरशिवाय, बांधणीच्या वेळी बनवलेल्या सूचीवर चालतो, आणि ती सूची करताना काना-मात्रा अक्षरांत धरल्या जात नसल्याने शब्द त्या ठिकाणी तुटतात. पतसंस्थेच्या पुस्तिकेत 'ठेव' हा शब्द शोधला तर 'ठ' आणि 'व' एवढेच उरते, आणि जवळपास सगळी पाने उत्तरात हजर होतात. इंग्रजीसाठी उत्तम असलेला हा शोध मराठीसाठी सध्या तरी निरुपयोगी आहे. आम्ही त्याऐवजी पानापानांवर सूचीच्या नोंदी हाताने घातल्या आणि पुस्तकाच्या शेवटी असते तशी सूची तयार करून घेतली. ती पहिल्या चिन्हानुसार गट पाडते, त्यामुळे 'क्षेत्रीय कार्यालय' हे 'क' खाली शोधावे लागते, पण शाखांमधल्या लोकांना त्याची सवय झाली.

पीडीएफसाठी फारसे झगडावे लागले नाही. स्फिंक्स पीडीएफ बनवण्यासाठी मुळात जे पीडीएफलाटेक वापरते ते देवनागरी छापत नाही. सेटिंगच्या फायलीत त्याऐवजी झीलाटेक निवडले आणि नोटोचा देवनागरी फाँट नेमून दिला की जोडाक्षरे नीट येतात. शाखांमध्ये आजही छापील प्रतच जास्त वापरली जाते.

ज्यांना आठ-दहा मार्कडाउन पानांचे नेटके संकेतस्थळ हवे आहे, त्यांनी स्फिंक्सच्या वाटेला जाऊ नये. एमकेडॉक्स या साध्या साधनात ते एका दुपारी उभे राहते आणि नव्या माणसाला शिकवावेही लागत नाही. पायथनची लायब्ररी, अनेक आवृत्त्या आणि एकमेकांत गुंतलेले संदर्भ असतील, तर स्फिंक्ससाठी सुरुवातीला घालवलेला आठवडा वसूल होतो. सी प्लस प्लसचा मोठा कोड असलेल्यांनाही डॉक्सिजन हे कोडमधून डॉक्युमेंटेशन काढणारे आपले साधन सोडून द्यावे लागत नाही, कारण त्याने काढलेली एक्सएमएल फाइल ब्रीद हे विस्तारक स्फिंक्समध्ये आणून देते.