ताप आल्यावर कोलेस्टेरॉलची गोळी: चालू की बंद?

परवा आमच्या निपाणीच्या मेडिकलमध्ये एक काका आले. अंगात ताप, हातात अॅटोर्व्हास्टॅटिनची अर्धी संपलेली पट्टी. "कोलेस्टेरॉलच्या रिसेप्टरमधनंच व्हायरस आत शिरतोय म्हणे, आणि ही गोळी तेच वाढवतीय. बंद करू काय, सांगा की."

ऐकलेलं अगदीच खोटं नव्हतं. एलडीएल रिसेप्टर पेशीच्या बाहेरच्या अंगाला असतो आणि रक्तातलं एलडीएल, म्हणजे कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कण, धरून आत ओढतो. हे उलगडल्याबद्दल ब्राउन आणि गोल्डस्टाइन यांना १९८५ चं नोबेल मिळालं. अॅटोर्व्हास्टॅटिनसारख्या गोळ्यांनी, म्हणजे स्टॅटिनने, यकृतावर हे रिसेप्टर वाढतात, म्हणून कोलेस्टेरॉल उतरतं.

बंद करावी म्हणणाऱ्यांचा मुद्दा असा, की सर्दीचे काही रायनोव्हायरस याच वाटेने शिरतात. खरंय, पण दीडशेहून जास्त प्रकारांपैकी जेमतेम डझनभर. आणि सर्दी नाकात होते, गोळीचं काम मुख्यतः यकृतात. एवढ्यासाठी गोळी सोडणं मला पटत नाही.

चालू ठेवण्याची बाजू जड आहे. काही जिवाणूंच्या आवरणातलं विष एलडीएलला चिकटतं आणि याच रिसेप्टरमार्फत यकृतात ओढलं जाऊन रक्तातून कमी होतं. म्हणून गोळी तापावरचं औषध ठरत नाही हं; सेप्सिसमुळे, म्हणजे जंतुसंसर्ग अंगभर भडकल्यामुळे, फुफ्फुसं निकामी झालेल्यांना रोसुव्हास्टॅटिन हे दुसरं स्टॅटिन देऊन पाहिलं, २०१४ च्या त्या चाचणीत मृत्यू कमी झाले नाहीत. पण ज्यांना स्टेंट बसलाय, त्यांनी मनानेच गोळी सोडणं हृदयाला महागात पडू शकतं.

मला खरी काळजी वेगळीच आहे. आपल्याकडे हृदयाचे डॉक्टर कोल्हापूरला, तापाचे गावात. एकाची चिठ्ठी दुसऱ्याला दिसत नाही. क्लॅरिथ्रोमायसिन किंवा एरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक सुरू झालं, की अॅटोर्व्हास्टॅटिन आणि त्याहून जास्त सिम्व्हास्टॅटिन रक्तात साठतं आणि स्नायूंना इजा होऊ शकते. अंग ठणकलं तर ते तापाचंच वाटतं; लघवी चहासारखी काळपट झाली तर मात्र लगेच दवाखाना गाठायचा. रोसुव्हास्टॅटिनवाल्यांना ही भीती फारशी नाही. टीबीच्या रिफाम्पिसिनने उलटं होतं, अॅटोर्व्हास्टॅटिनचा जोर कमी पडतो.

"तापावर काय दिलंय, काका?" त्यांनी खिशातून दुसरी पट्टी काढली. क्लॅरिथ्रोमायसिन. दोन्ही पट्ट्या काउंटरवर शेजारी ठेवल्या आणि गावच्या डॉक्टरांना फोन लावला. अॅटोर्व्हास्टॅटिनचं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांनी अँटिबायोटिक बदलून दिलं. कोलेस्टेरॉलची गोळी रात्री नेहमीसारखी घ्यायला सांगितली.