कार्यशाळेसाठी सौरघट की पवनचक्की?
शालेय कार्यशाळेत एकच प्रयोग घ्यायचा असेल, तर सौरघटाची मांडणी निश्चितच सोपी आहे. सिलिकॉनचा एक घट उन्हात सुमारे ०.५ व्होल्ट देतो. त्यामुळे लाल एलईडी लावण्यासाठी चार-पाच घट एकापुढे एक जोडावे लागतात आणि एकसर जोडणीचा धडा ओघानेच होतो. मात्र प्रकाशाचे विजेत होणारे रूपांतर डोळ्यांआडच राहते. पवनचक्कीत मुले पुठ्ठ्याची पाती स्वतः कापतात, त्यांचा कोन बदलतात आणि खेळण्यातील मोटर जनित्र म्हणून वापरून प्रत्येक बदलाचा परिणाम मल्टिमीटरवर मोजतात. पाती चुकीच्या कोनात बसली, तर चक्की फिरतच नाही, आणि माझ्या मते हे अपयशच अधिक शिकवते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाल्यास त्यातील शक्ती ८ पट होते, हे मात्र वरच्या वर्गांसाठीच राखावे.