एसटीपीवर सेन्सर बसवून आठ महिने झाले : आमच्या सोसायटीचा अनुभव

वाकडमधल्या आमच्या सोसायटीत एसटीपीमध्ये, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात, सांडपाणी शुद्ध करून फ्लशला आणि बागेला वापरतात. पूर्वी भरवसा महिन्याच्या लॅब रिपोर्टवर होता. पण तो हातात पडेपर्यंत ते पाणी वापरून संपलेलं असायचं. फ्लशमधून वास येतोय अशी तक्रार आली की मग धावपळ. म्हणून ऑक्टोबरमध्ये गढूळपणा, पीएच (पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी ते), शिल्लक क्लोरीन आणि एअरेशन टाकीतला (जिथे हवा सोडून जिवाणूंकडून पाणी साफ करवतात) ऑक्सिजन मोजणारे सेन्सर बसवले.

सगळ्यात मोलाचा ठरला तो सेन्सरला जोडलेला व्हॉल्व्ह. गढूळपणा २ एनटीयूच्या (गढूळपणा मोजायचं एकक) वर गेला की पाणी फ्लशच्या टाकीत न जाता आपोआप पहिल्या टाकीत परत जातं. गढूळ पाण्यात जंतू कणांच्या आड लपतात, क्लोरीन त्यांच्यापर्यंत पोचत नाही, म्हणून हा अडसर हवाच. नुसता मोबाइलवर मेसेज देणारी यंत्रणा घेऊ नका. रात्री अडीचला मेसेज कोण बघतं? जानेवारीत तसंच झालं. एअरेशन टाकीत हवा सोडणारा ब्लोअर बंद पडला आणि ऑक्सिजन लिटरला २ मिलिग्रॅमवरून ०.४ वर आला. सकाळी ऑपरेटरदादांनी पाहिलं, तोवर पुढे पाणी गढूळ व्हायला लागलं होतं, पण व्हॉल्व्हमुळे घरांकडे गेलं नाही.

आता त्रास. दुसऱ्याच महिन्यात गढूळपणाचा आकडा रोज चढायला लागला. काचेच्या ग्लासात पाणी मात्र नितळ! सेन्सरच्या काचेवर बुळबुळीत थर साचला होता. तेव्हापासून दर सोमवारी काच पुसतो आणि पंधरा दिवसांनी पीएचचा प्रोब पीएच ४ आणि ७ च्या तयार द्रावणात तपासतो. तो वर्ष-दोन वर्षांत बदलावा लागतो. कोटेशनमध्ये हा खर्च आधीच विचारा.

क्लोरीनचा आकडा एकटा बघू नका. पीएच ८ च्या वर गेला की तेवढंच क्लोरीन जंतू मारायला कमी पडतं. आणि ई. कोलाय (मैल्यातून येणारा जंतू) यातला कुठलाच सेन्सर दाखवत नाही, त्यामुळे लॅब चालूच ठेवली आहे.

पुढचा सेन्सर बसवायचा आहे पिण्याच्या टाकीवर, टीडीएसचा, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा. धरणाच्या पाण्याचा टीडीएस कमी, एसटीपीच्या पाण्याचा बराच जास्त. प्लंबरने चुकून एसटीपीचा पाइप पिण्याच्या लाइनला जोडला तर आकडा उडी मारेल. बोअरच्या टँकरनेही तो चढतो, म्हणून टँकर उतरल्याची वेळ वॉचमनकाकांच्या वहीत लिहायला आत्ताच सुरुवात केली आहे.