टेलिहँडलर पावसाळाभर वापरला, काय पटलं आणि कशाला जपायला लागतं

आमचं कोल्हापुरात बांधकामाचं काम, यार्ड शिरोलीत आणि साइट सध्या कसबा बावड्याकडं. उन्हाळ्यात 7 मीटर उंचीपर्यंत पोचणारा 3 टनी टेलिहँडलर घेतला, म्हणजे आत-बाहेर सरकणारा लांब हात (बूम) आणि त्याच्या टोकाला माल उचलायचे काटे असलेलं मशीन, सेकंडहँड, आणि पावसाळा सगळा त्याच्यावर काढला. मशीन एक नंबर. फक्त विकणारा जे 3 टन 3 टन करत असतो ना, तेवढं डोक्यातनं काढून टाका.

ते 3 टन बूम पूर्ण आत, माल काट्यांच्या मुळाशी टेकलेला आणि जमीन सपाट असेल तेव्हाचे. बूम बाहेर निघाला की ताकद झपाट्यानं उतरते, किती ते केबिनमधल्या लोड चार्टवर बघायचं, बूमचा अँगल किती आणि बाहेर किती त्यावरनं आकडा मिळतो. सिमेंटचा हिशोब सोपाय, 50 किलोची 30 पोती म्हणजे दीड टन, शिवाय पोती रचायच्या फळ्यांच्या पॅलेटचं वजन वेगळं. स्लॅबवर आत लांब ठेवायचं असलं की आम्ही चार्ट बघून पोती कमी करतो, दोन खेपा जास्त होतात, हमाल कुरकुरतात, कुरकुरू देत.

आता बझरचं, हे नीट वाचा. लोड जास्त झाला की लाल लाइट लागतो, बझर वाजतो, आणि घाबरून ऑपरेटर काय करतो तर बूम खाली सोडतो. तेच डेंजर! वर उभा असलेला बूम खाली येताना माल पुढच्या चाकांपासून आणखी लांब जातो आणि मागची चाकं हलकी व्हायला लागतात. आधी बूम आत ओढायचा, मगच खाली. आमचा ऑपरेटर खोदाईच्या मशीनवरनं आलेला, हात चांगलाय, पण ही सवय लागेपर्यंत मी रोज केबिनशेजारी उभा असायचो.

आणि तो बझर पुढं पलटी होण्यापुरताच, बरं का. मशीन बाजूला कलत असलं तर तो गप्पच. बावड्याची काळी माती पावसात कशी होते ते इथल्याला सांगायला नको, एक चाक रुतलं की खाली चार बोटं कललेलं मशीन वर बूमच्या टोकाला फूटभर कलतं. म्हणून मुरूम टाकून रस्ता केला, फाउंडेशनच्या खड्ड्याच्या काठाला मशीन जाऊच देत नाही, सकाळी टायरची हवा बघितल्याशिवाय चावी देत नाही. माल घेऊन फिरताना बूम आत, काटे जमिनीलगत आणि किंचित मागं झुकवलेले. बूम वर ठेवून वळायचं नाही म्हणजे नाही.

उजवी बाजू आंधळी आहे, केबिन डावीकडं आणि बूम उजवीकडं, त्यामुळं त्या बाजूला एक माणूस कायम उभा लागतोच, आरशावर भागत नाही. फोर व्हील स्टिअरिंगमुळं मात्र आमच्या चिंचोळ्या गेटातनं झकास वळतं.

तक्रार एकच, बूमच्या आतले वेअर पॅड (बूम सरकताना घासून झिजणारे तुकडे) मागवले तर डीलरनं आज देतो उद्या देतो करत लई ताटकळत ठेवलं. घेताना बूम पूर्ण बाहेर काढून खडखडतोय का ते बघा, पॅड गेले असले तर किमतीत तेवढे पाडून मागा. आणि गिलाव्याचा मिस्त्री पॅलेटवर चढून "सोड वर" म्हणाला तर चावी काढून खिशात घाला.