वायर रोपच्या पोटातलं दाखवणारं चुंबकीय टेस्टर: कुठे कामाचं, कुठे नाही

रोपवरून चिंधी फिरवायची आणि व्हर्नियरने व्यास मोजायचा, एवढ्यावर वायर रोपची तपासणी उरकणारे कमी नाहीत, आणि साध्या सहा स्ट्रँडच्या (तारा पिळून केलेल्या पदरांच्या), रोज डोळ्यांसमोर असलेल्या रोपला ते बऱ्यापैकी पुरतंही. अडचण येते ती रोटेशन-रेझिस्टंट रोपमध्ये, म्हणजे वजनाखाली गरगर फिरू नये म्हणून थर उलटसुलट पिळलेल्या रोपमध्ये. आतल्या आणि बाहेरच्या थरातल्या स्ट्रँड एकमेकींना आडव्या जातात, तिथेच घासून तारा तुटायला लागतात, आणि बाहेरून रोप नवाकोरा दिसतो. गंजही असाच फसवतो. आत सुटलेला गंजाचा चुरा जागा धरून बसतो, त्यामुळे व्यास घटत नाही, उलट कधीकधी वाढलेला भरतो. व्हर्नियर म्हणतो सगळं ठीक, आणि पोलाद तर केव्हाच गेलेलं असतं.

हे परीक्षण कुठल्या एका कंपनीच्या यंत्राचं नाही. १० ते ४० मिमी रोपवर बसणारं, बिजागरीवर उघडणारं, कायमचुंबकाचं, दोन चॅनेलचं हेड (रोपभोवती बसणारा चुंबक-सेन्सरचा भाग) डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. कंपनीप्रमाणे बटणं आणि सॉफ्टवेअर बदलतात, आतली करामत एकच. दोन टोकांच्या चुंबकांमधला रोपचा तुकडा पूर्ण चुंबकीय संपृक्ततेपर्यंत नेला जातो. धातू कमी असेल तिथे आत वाहणारा एकूण फ्लक्स, म्हणजे चुंबकीय प्रवाह, कमी होतो. ते एलएमए चॅनेलवर, म्हणजे धातूच्या क्षेत्रफळातली घट म्हणून, टक्क्यांत दिसतं. तुटलेल्या तारेच्या दोन टोकांमधून किंवा गंजाच्या खड्ड्यातून फ्लक्स बाहेर सांडतो. तो एलएफ चॅनेलवर, म्हणजे एका जागचा दोष दाखवणाऱ्या चॅनेलवर, टोकदार उसळीसारखा येतो.

एलएमएच्या आकड्यावर सगळ्यांचा फाजील विश्वास असतो. शून्य कुठलं, हे तपासणाराच ठरवतो: सहसा रोपचा जो भाग पुलीवर आणि ड्रमवर कमीत कमी जातो तो चांगला धरून. तोच गंजलेला असेल तर पुढचे सगळे टक्के खोटे. म्हणून रोप नवा बसवला की लगेच एक ट्रेस, म्हणजे या दोन चॅनेलचा आलेख, काढून ठेवावा. वर्षभराने त्याच्याशी ताडून बघण्यासारखा दुसरा पुरावा नाही. दुसरी गोष्ट सरासरीची. चुंबकाच्या दोन ध्रुवांत समजा ३०० मिमी अंतर आहे आणि १०० मिमी लांबीत ६ टक्के धातू गेला आहे, तर ढोबळमानाने स्क्रीनवर २ टक्के दिसतील. अशा छोट्या, खोल घटीसाठी एलएफ आणि एलएमए एकाखाली एक ठेवूनच वाचायचे. तार तुटली पण तुकडा पडला नाही, तर एलएमए जवळपास सरळच राहतो.

कॅलिब्रेशन सोपं आहे आणि तेच टाळलं जातं. ज्या रोपची तपासणी करायची, त्यालाच हेड लावून बाजूने माहितीतल्या जाडीची तार आत सरकवायची. तार ध्रुवांमधल्या अंतरापेक्षा लांब हवी, नाहीतर ट्रेसची पायरी पूर्ण उंचीला जात नाही. २६ मिमीच्या, पोलादी कोअरच्या (मधल्या गाभ्याच्या) सहा स्ट्रँडी रोपमध्ये धातूचं क्षेत्रफळ साधारण ३१० चौरस मिमी असतं. २ मिमीच्या तारेचं ३.१४, म्हणजे ट्रेसने जेमतेम १ टक्क्याची पायरी दाखवायला हवी. तेवढी दाखवली नाही तर सेटिंगमध्ये रोपचा प्रकार किंवा व्यास चुकीचा भरला आहे. याच हिशेबाने बाहेरची १.४ मिमीची एक तार म्हणजे अर्धा टक्का. तेवढ्याने एलएमए हलत असेल असं जो विक्रेता छातीठोक सांगतो, त्याला ट्रेसमधला नेहमीचा खडबडीतपणा दाखवायला सांगावं.

हा खडबडीतपणा बहुतेक स्ट्रँडचा असतो. त्याच रोपची पिचलांबी (स्ट्रँडचा एक पूर्ण वेढा) व्यासाच्या साडेसहापट धरली तर १७० मिमीच्या आसपास येते. सहा स्ट्रँड म्हणजे दर २८ मिमीला एलएफवर एक लाट. अशा नियमित लाटांमध्ये एकटी तुटलेली तार बुडून जाऊ शकते. बुश (हेडमध्ये रोपला मधोमध धरणारं अस्तर) झिजला की लाट आणखी मोठी होते, कारण रोप हेडमध्ये डोलतो आणि सेन्सरपासूनचं अंतर बदलतं. रोपपेक्षा २ ते ४ मिमी मोठा बुश बसवावा आणि सोबत जास्तीचे बुश मागून घ्यावेत. या यंत्रात सगळ्यात लवकर संपणारा भाग हाच, आणि कोटेशनमध्ये तोच गायब असतो.

चालवताना रोप सरळ ताणलेला असेल अशी जागा निवडायची, ड्रम आणि पहिल्या पुलीच्या मधली. हेड हाताने धरायचं नाही. दोन पट्ट्यांनी दोन्ही बाजूंना बांधायचं, म्हणजे रोपवरची सुटी तार बुशात अडकली तरी हेड पुलीकडे ओढलं जाणार नाही, आणि थांबवायचं बटण ऑपरेटरच्या हाताशी हवं. बंद करताना चुंबकाची दोन अर्धी झपकन मिटतात. बोट मध्ये असेल तर कामाचा दिवस संपलाच. पेसमेकर असलेल्याने जवळही येऊ नये. ग्रीसचे गोळे आणि वेल्डिंगचे कण आधी पुसून घ्यावेत, कारण चुंबक ते गोळा करतो आणि मग हेडच उसळ्या दाखवायला लागतं.

पहिली फेरी फक्त रोप एकसारखा चुंबकायला वापरावी, वाचन दुसऱ्या फेरीचं, तेही त्याच दिशेने. वेग सेकंदाला अर्धा ते एक मीटर आणि एकसारखा. नुसत्या कॉइलचं यंत्र फार संथ वेगाला आंधळं होतं, कारण कॉइलला फ्लक्समधला बदल लागतो. हॉल सेन्सर (चुंबकीय क्षेत्र थेट मोजणारा) थांबलेल्या रोपवरही वाचतो, म्हणून क्रीप स्पीडवर (अगदी संथ वेगावर) काम करायचं असेल तर हॉलचंच घ्यावं. फार वेगात नेलं तर जाड रोपमध्ये एडी करंटमुळे (धातूत उठणाऱ्या विजेच्या भोवऱ्यांमुळे) एलएमएची रेषा सरकते. एन्कोडरचं, म्हणजे अंतर मोजणारं, चाक ग्रीसवर घसरलं की मीटरचा हिशेब चुकतो, आणि ट्रेसवर सापडलेली जागा रोपवर सापडत नाही. सुरुवात, शेवट आणि मधल्या ठरावीक जागी रोपवर रंगाच्या खुणा केल्या की ही घसरण लगेच पकडता येते.

यंत्र जिथे पोचत नाही तिथेच नुकसान जास्त, हा त्याचा खरा दोष. सॉकेटजवळचा (रोपचं टोक पक्कं केलेल्या लोखंडी तोंडाजवळचा) मीटरभर भाग हेडच्या लांबीमुळे आणि सॉकेटच्या लोखंडामुळे वाचता येत नाही, आणि तार तिथेच वाकून वाकून थकते. इक्वलायझर पुलीवर (दोन्ही बाजूंचा ताण सारखा राखणाऱ्या पुलीवर) बसलेला रोप क्रेन चालवताना फारसा पुढेमागे होत नाही, त्यामुळे हेड त्यावर कधी येतच नाही; तिथे रोप उचलून डोळ्याने आणि हाताने बघावं लागतं. ड्रमवरच्या शेवटच्या राखीव फेऱ्यांचंही तेच. थकव्याने कमजोर झालेली पण अजून न तुटलेली तार, सुकलेलं ग्रीस, घासून तापल्याने कडक झालेली तारेची कातडी, यातलं काहीच धड दिसत नाही. तुटलेल्या तारेची टोकं घट्ट भिडलेली असतील तरी संकेत फार क्षीण येतो. ताणावर टोकं थोडी उघडतात, म्हणून शक्यतो वजन लावून तपासावं.

रोप काढायचा की ठेवायचा, हे टक्क्यांवरून एकदम ठरवू नये. आयएसओ ४३०९ हे क्रेनच्या रोपचं मानक तुटलेल्या तारा रोपच्या व्यासाच्या ६ पट आणि ३० पट लांबीत मोजतं. व्यासातली एकसारखी घट ते फायबर कोअरला १० टक्के, पोलादी कोअरच्या एकथरी रोपला ७.५ आणि रोटेशन-रेझिस्टंटला ५ टक्क्यांपर्यंतच चालवून घेतं. ट्रेसचं काम संशयाची जागा मीटरमध्ये दाखवायचं. तिथे ताण काढून, रोप थोडा उकलून बघणं सुटत नाही.

एकच क्रेन असेल आणि रोप ठरावीक मुदतीला बदललाच जात असेल तर हे यंत्र विकत घेण्यात अर्थ नाही, तपासणी बाहेरून करून घ्यावी. लांब, महाग किंवा काढायला अवघड रोप बरेच असतील, आणि ट्रेस वाचायला शिकणारा एक माणूस त्यासाठी मोकळा ठेवता येत असेल, तरच घ्यावं. डेमोसाठी कंपनीचा नमुना रोप नको. आपल्याच भंगारात काढलेल्या रोपचा पाच-सहा मीटर तुकडा द्यावा, आतली एक तार माहितीच्या जागी कापून, आणि जागा सांगू नये. नंतर तोच तुकडा उकलून त्यांच्या ट्रेसशी ताडून घ्यावा.